कुत्र्याचं युरिन इन्फेक्शन बरं होतं आणि महिन्याभरात परत येतं, तेव्हा काय शोधायचं

तक्रार साधारण अशी असते. कुत्री बाहेर नेली की बसते, दोन थेंब पडतात, उठते, चार पावलं चालून परत बसते. परत दोन थेंब. घरात ज्या गोष्टीसाठी ती कधीच चुकत नव्हती ती आता पायपुसण्यावर होते. लघवीला गुलाबी छटा, उग्र वास. डॉक्टर अँटिबायोटिक देतात, तिसऱ्या दिवशी सगळं ठीक. आपण सुटकेचा नि:श्वास टाकतो आणि पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा तोच खेळ.

आमच्या ठमीचं आठ महिन्यांत चार वेळा असं झालं. वय सहा, वजन बारा किलो, नसबंदी झालेली. चौथ्या वेळी मी तिची फाईल उघडून बसले आणि स्वतःचीच लाज वाटली. चार प्रिस्क्रिप्शन, तीन वेगवेगळी अँटिबायोटिक्स, आणि कल्चर (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ते कोणते आणि कोणत्या औषधाने मरतात हे बघणारी तपासणी) एकही नाही. दोष फक्त डॉक्टरांना देता येणार नाही. त्यातल्या दोन वेळा मीच फोनवर "मागच्याच गोळ्या सुरू करू का?" असं विचारलं होतं आणि त्यांनी "करा" म्हटलं होतं.

तर ज्यांच्याकडे हे दुष्टचक्र चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. जंतू आले कुठून, या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. ते बहुतेक वेळा तिच्याच आतड्यातले किंवा तिच्याच कातडीवरचे असतात आणि मूत्रमार्गाच्या तोंडाशी ते रोजच असतात. सगळ्याच कुत्र्यांच्या असतात. पण बाकीच्यांमध्ये लघवीच्या धारेबरोबर ते धुऊन निघतात, मूत्राशयाचं अस्तर त्यांना चिकटू देत नाही, घट्ट लघवीत त्यांना वाढता येत नाही. आपल्या कुत्र्यात यातलं काहीतरी बिनसलंय. काय बिनसलंय ते सापडेपर्यंत गोळ्या फक्त जमीन पुसतात, नळ गळतच राहतो.

मुळात इन्फेक्शनच आहे का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण इथेच निम्मे लोक चुकतात. तीन-चार वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देऊन टाकतो.

वारंवार बसणं, जोर करणं, थोडी थोडी होणं, रक्त येणं, ही मूत्राशयाच्या जळजळीची लक्षणं. झोपेतून उठल्यावर गादीवर ओला डाग आणि तिला त्याचा पत्ताही नाही, हे गळणं. त्यात जळजळ नसते, झडप सैल असते. दिवसातून बऱ्याचदा आणि दर वेळी भरपूर लघवी, तीही जवळजवळ पाण्यासारखी, याचा अर्थ ती पाणी जास्त पितेय, आणि का पितेय हे शोधायला हवं. नराने सोफ्याच्या पायावर, पडद्यावर, नव्या पिशवीवर पाय वर करून मारलेली पिचकारी बहुतेकदा हद्द आखण्यासाठी असते. पाहुणे आले की आनंदाने सांडते ती वेगळीच. पहिली जळजळ सोडली तर यातल्या कशावरही अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आणि या सगळ्यांना ते दिलं जातं.

नसबंदी न झालेल्या मादीच्या बाबतीत आणखी एक. हीटनंतर (माजावर येऊन गेल्यावर) काही आठवड्यांत पाणी खूप पिणं, मरगळ, खालून चिकट स्राव असं दिसलं तर ते लघवीचं प्रकरण समजून वाट पाहू नका. गर्भाशयात पू साठलेला असू शकतो आणि ती इमर्जन्सी असते. काही वेळा गर्भाशयाचं तोंड बंद असल्याने स्राव दिसतही नाही.

मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. "जोर करते" असं तोंडी सांगण्यापेक्षा वीस सेकंदांचा व्हिडिओ डॉक्टरांना जास्त सांगून जातो. आमच्या डॉक्टरांनी ठमीचा व्हिडिओ बघून पहिला प्रश्न विचारला तो हा की, ती शेपटीखाली सारखी चाटते का? मी तोवर ते सांगितलंच नव्हतं, कारण मला ते स्वच्छतेचं लक्षण वाटत होतं.

नमुना नीट गेला नाही तर रिपोर्टला अर्थ नाही

पहिल्यांदा लघवी आणायला सांगितली तेव्हा मी वाटी घेऊन तिच्यामागे फिरले. ती बसली की मी वाकायची, मी वाकले की ती उठायची. मग लांब दांड्याचा जुना डाव घेतला, चांगला उकळून वाळवला, आणि ती बसल्यावर मागून अलगद सरकवला. पहिली धार जाऊ दिली, मधली घेतली. जमलं. (तो डाव आता कायमचा त्याच कामाचा.)

अशी धरलेली लघवी घट्ट आहे की पातळ, साखर आहे का, रक्त आहे का, हे बघायला पुरेशी असते. त्यासाठी सकाळची पहिली सर्वांत चांगली, कारण रात्रभर साठलेली लघवी नैसर्गिकपणे घट्ट असायला हवी. तरीही पातळच असेल तर तीच मोठी माहिती. नमुना अर्ध्या-एक तासात पोहोचत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा, पण तसं लॅबला सांगा. थंडीत लघवीतले क्षार आपोआप स्फटिक होऊन खाली बसतात. ताज्या लघवीत नसलेले क्रिस्टल फ्रीजमधल्या लघवीत दिसतात आणि मग घरभर "खडा झालाय" अशी धावपळ सुरू होते.

कल्चरसाठी मात्र डावातली लघवी चालवून घेऊ नका. वाटेत केसांवरचे, कातडीवरचे जंतू मिसळतात आणि रिपोर्टमध्ये तेच उगवतात. मूत्राशयातून बारीक सुईने थेट घेतलेला नमुना हा खरा. ऐकायला भयंकर वाटतं. प्रत्यक्षात सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत तीस सेकंदांत होतं, ठमी रक्त काढताना जास्त कुरकुरते. मूत्राशय भरलेलं हवं, म्हणून जाण्याआधी तिला फिरवून आणू नका. एक मोठा अपवाद: सोनोग्राफीत गाठीसारखं काही दिसलं तर सुई टाळतात, कारण गाठीच्या पेशी सुईच्या वाटेने पसरू शकतात.

आणि नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याच्या आधी घ्यायचा. दोन गोळ्या पोटात गेल्यावर केलेलं कल्चर "काही उगवलं नाही" असं सांगू शकतं आणि तुम्ही चुकीच्या दिशेला जाल.

पट्टीबद्दल एक सांगायला हवं, कारण बरेच जण माणसांची लघवीची पट्टी आणून घरीच बघतात. त्या पट्टीवरचा पांढऱ्या पेशींचा चौकोन कुत्र्यांमध्ये भरवशाचा नाही. नायट्राइटचाही नाही. लघवी किती घट्ट हे सांगणारा चौकोनही कुत्र्यांसाठी निरुपयोगी, त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर (लघवीचा घट्टपणा मोजणारं छोटं उपकरण) लागतो. साखर आणि रक्त मात्र पट्टी बरं सांगते. "पट्टीवर पस निगेटिव्ह आला, म्हणजे इन्फेक्शन नाही" हे गणित माणसांचं आहे. कुत्र्याची लघवी सूक्ष्मदर्शकाखाली बघावीच लागते.

तोच जंतू की दुसरा?

माझ्या मते सगळ्या शोधाची किल्ली इथे आहे, आणि ती हातात यायला किमान दोन वेळची कल्चर लागतात.

पाळीव प्राण्यांच्या संसर्गजन्य आजारांवर काम करणाऱ्या पशुवैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2019 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यांत "वारंवार" या शब्दाची व्याख्या आहे: सहा महिन्यांत दोन किंवा जास्त वेळा, किंवा बारा महिन्यांत तीन किंवा जास्त वेळा लक्षणांसह इन्फेक्शन. तुमचा कुत्रा या रेषेच्या पलीकडे असेल तर अंदाजाने गोळी देण्याचे दिवस संपले.

एक वही करा. तारीख, लक्षणं, नमुना कसा घेतला, कोणता जंतू, कोणत्या औषधाला दाद देतो, कोणतं औषध किती दिवस दिलं, थांबवल्यावर किती दिवसांनी परत आलं. एवढंच. ठमीची वही दीड पानांची आहे आणि त्या दीड पानानेच उत्तर दिलं.

समजा, औषध थांबवल्यावर आठ-दहा दिवसांतच त्रास परत आला आणि कल्चरमध्ये तोच जंतू, त्याच सेन्सिटिव्हिटीसह (म्हणजे त्याच औषधांना दाद देणारा) उगवला. याचा अर्थ तो गेलाच नव्हता, कुठेतरी दडून बसला होता. दडण्याच्या जागा मोजक्या: खडा, प्रोस्टेट (नराच्या मूत्राशयाजवळची ग्रंथी), मूत्रपिंड, जाड झालेलं मूत्राशयाचं अस्तर, एखादी गाठ. किंवा औषधच चुकीचं होतं, किंवा (हे प्रामाणिकपणे स्वतःला विचारा) गोळ्या पूर्ण दिल्या गेल्या नाहीत. सोफ्याच्या फटीत मला एकदा अडीच गोळ्या सापडल्या होत्या. ठमी गोळी गालात धरते, आपण वळलो की थुंकते.

आता दुसरी शक्यता. मधले काही आठवडे खरंच छान गेले, आणि पुढच्या वेळी वेगळाच जंतू आला. आधी ई. कोलाय होता, आता स्टॅफिलोकॉकस. म्हणजे पहिला मेला, औषधाने काम केलं, पण दार उघडंच आहे आणि दर वेळी नवा पाहुणा आत येतोय. इथे दडण्याची जागा शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा दार शोधायचं: बाहेरची रचना, गळणं, पातळ लघवी, साखर, कमी झालेली प्रतिकारशक्ती.

ठमीचं हे दुसरं होतं.

उघडं दार

तपासणीच्या टेबलावर डॉक्टरांनी तिच्या शूच्या जागेवरची कातडी दोन बोटांनी वर ओढली आणि मला बघायला बोलावलं. वरून एक जाडसर घडी खाली आली होती आणि तिने ती जागा जवळजवळ झाकूनच टाकली होती. घडीच्या आत कातडी लालभडक, ओलसर, तपकिरी चिकटा आणि आंबूस वास. सहा वर्षं हा कुत्रा माझ्या मांडीवर झोपतो आणि मी एकदाही तिथे बघितलं नव्हतं.

काही माद्यांची रचना जन्मतःच अशी आत दबलेली असते. वजन वाढलं की ती आणखी झाकली जाते. लघवीचे शेवटचे थेंब घडीत अडकतात, ऊब आणि ओल मिळते, जंतू वाढतात, आणि मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असल्याने त्यांना वर चढायला फार वेळ लागत नाही. नरांपेक्षा माद्यांना हा त्रास जास्त होतो त्याचं हेही कारण. लहान पिल्लांमध्ये ही घडी पहिल्या हीटनंतर बऱ्याचदा आपोआप कमी होते. म्हणून अशा पिल्लाला वरचेवर त्रास होत असेल तर नसबंदी पहिल्या हीटच्या आधी करायची की नंतर, हे डॉक्टरांशी मुद्दाम बोला.

ठमीच्या बाबतीत दुसरी भानगड गळण्याची निघाली. डॉक्टरांनी विचारलं, झोपेत गळतं का? मी ठाम नाही म्हटलं. त्यांनी सांगितलं, आठवडाभर पहाटे गादीवर हात फिरवून बघा. तिसऱ्याच दिवशी हाताला रुपयाएवढा गार डाग लागला. पांढरी चादर घातली तेव्हा रोजच लागत होता. नसबंदीनंतर काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी मूत्रमार्गाची झडप सैल पडणं हे माद्यांमध्ये ओळखीचं दुखणं आहे, मध्यम आणि मोठ्या जातींत जास्त. झडप आतली लघवी बाहेर सोडते, तशीच बाहेरच्या जंतूंना आत येऊ देते. त्यावर फिनाइलप्रोपॅनोलामाइन किंवा एस्ट्रिऑल अशी औषधं असतात. पहिलं झडप आवळतं आणि त्याने रक्तदाब वाढू शकतो, त्यामुळे हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्या कुत्र्यात जपून वापरतात आणि रक्तदाब मोजत राहतात. आपल्या मनाने सुरू करायचं औषध नाही हे.

पिल्लूपणापासूनच सतत ठिबकत असेल, दिवसा-रात्री, बसून उठली की लगेच, तर किडनीकडून येणारी नळी मूत्राशयाऐवजी खाली भलतीकडे जोडलेली असू शकते. ते शस्त्रक्रियेचं काम आहे आणि लवकर कळलेलं बरं.

पाणी मोजा

मला वाटतं घरी करण्यासारखी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित तपासणी ही. सकाळी मोजपात्राने भांडं भरा, चोवीस तासांनी उरलेलं मोजा, मधे जितकं घातलं ते मिळवा. तीन दिवस करा आणि सरासरी काढा. निरोगी कुत्रा साधारण दर किलोमागे 50 ते 60 मिलीच्या आसपास पितो, ओलं खाणं असेल तर त्याहून कमी. दर किलोमागे 100 मिलीच्या वर गेलं तर ते नक्की जास्त. म्हणजे बारा किलोच्या कुत्रीने दिवसाला 1200 मिली ओलांडलं तर वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं. घरात दुसरा प्राणी असेल तर तीन दिवस भांडी वेगळी ठेवावी लागतात, ती कटकट करावीच लागते. पाणी कमी करून प्रश्न सोडवायला मात्र जाऊ नका. किडनी किंवा साखरेच्या कुत्र्याचं पाणी तोडलं तर जिवावर बेतू शकतं.

जास्त पाण्यामागे तीन मोठे संशयित: मधुमेह, किडनीचा जुना आजार आणि कुशिंग. मधुमेहात लघवीत साखर उतरते. कुशिंगमध्ये शरीर स्वतःच जास्त कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरातलं नैसर्गिक स्टिरॉइड, बनवतं. पोट सुटतं, भूक राक्षसी होते, धाप लागते, अंगावरचे केस दोन्ही बाजूंना सारखे विरळ होतात. खाजेसाठी किंवा सांध्यांसाठी महिनोन्‌महिने स्टिरॉइड चालू असेल तर परिणाम तसाच होतो. या कुत्र्यांत मेख अशी की कॉर्टिसॉल सूज दाबून टाकतं, त्यामुळे जंतू असूनही जळजळ दिसत नाही, लघवीत पसपेशीही कमी दिसतात.

दडून बसलेला जंतू

खड्याचं प्रकरण मला सगळ्यात जास्त रंजक वाटतं, कारण तिथे चोर आणि चोराचं घर एकमेकांना सांभाळतात. स्टॅफिलोकॉकस आणि प्रोटियससारखे जंतू लघवीतल्या युरियाचे तुकडे करून अमोनिया सोडतात. त्याने लघवी अल्कली होते, आणि अल्कली लघवीत स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचा खडा जमतो. कुत्र्यांतले बहुतेक स्ट्रुव्हाइट खडे असे इन्फेक्शनमुळेच होतात. खडा थराथराने वाढताना जंतू त्या थरांत गाडले जातात. अँटिबायोटिक लघवीतले जंतू मारतं, खड्याच्या पोटातल्यांना हात लावत नाही. औषध थांबलं की ते बाहेर येतात. म्हणून लघवीचा पीएच (आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा) सतत 8 च्या आसपास आणि जंतू स्टॅफिलोकॉकस किंवा प्रोटियस असेल तर एक्स-रे किंवा सोनोग्राफी टाळू नका.

चांगली बातमी ही की स्ट्रुव्हाइट विरघळतो. त्यासाठीचा खास आहार आणि सोबत योग्य अँटिबायोटिक असं काही आठवडे चालतं, अधूनमधून एक्स-रे काढून खडा लहान होतोय का ते बघतात. खडा विरघळताना गाडलेले जंतू सुटत राहतात, म्हणून आहार आणि औषध दोन्ही बरोबर चालवावं लागतं. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा मात्र कशानेही विरघळत नाही, तो काढावाच लागतो. म्हणून "खडा आहे" एवढं कळून भागत नाही, कशाचा आहे ते कळलं पाहिजे. डाल्मेशियनवाल्यांना वेगळं सांगायला नको, त्यांच्या कुत्र्यांत युरेटचे खडे होतात आणि साध्या एक्स-रेत ते अनेकदा दिसतच नाहीत, सोनोग्राफी लागते.

नर असेल आणि नसबंदी झालेली नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत प्रोस्टेटवर संशय ठेवायचा. तिथे साधी अँटिबायोटिक्स पुरेशी झिरपत नाहीत, झिरपणारी निवडावी लागतात, आणि कोर्स चार ते सहा आठवड्यांचा असतो. नसबंदी केली की प्रोस्टेट लहान होतं आणि पुन्हा होण्याची शक्यता घटते. नराला साधं युरिन इन्फेक्शन तसंही कमी होतं, त्यामुळे त्याला दुसऱ्यांदा झालं तरी मी तिसऱ्याची वाट बघणार नाही.

वयस्कर कुत्र्यात, विशेषतः मादीत, मूत्राशयाची गाठ हुबेहूब इन्फेक्शनसारखी वागते. वाईट म्हणजे अँटिबायोटिकने काही दिवस बरंही वाटतं, कारण गाठीच्या जागी इन्फेक्शनही असतं. स्कॉटिश टेरिअरमध्ये हे प्रमाण इतर जातींपेक्षा बरंच जास्त आहे. दहा वर्षांच्या कुत्रीला पहिल्यांदाच वारंवार त्रास सुरू झाला तर सोनोग्राफी आधी.

मणक्याच्या दुखण्याचे कुत्रे मूत्राशय पूर्ण रिकामं करू शकत नाहीत. उरलेली लघवी म्हणजे साचलेलं डबकं. अशांच्या घरच्यांना हाताने दाबून मूत्राशय रिकामं करायला शिकवतात. ते डॉक्टरांसमोर दोन-तीनदा करून मगच घरी करा.

गोळ्यांचं काय

अधूनमधून एखादं साधं इन्फेक्शन झालं तर आता तीन ते पाच दिवसांचा कोर्स पुरेसा मानतात. पूर्वी सर्रास चौदा दिवस देत. वारंवार होणाऱ्यांतही दर वेळी नवा जंतू असेल तर छोटा कोर्स चालतो; तोच जंतू पुन्हा पुन्हा येत असेल आणि अस्तरात शिरल्याचा संशय असेल तर सात ते चौदा दिवस. तेव्हा डॉक्टरांनी पाच दिवसांचंच औषध दिलं म्हणून "अर्धवट दिलं" असं समजू नका, आणि शिल्लक गोळ्या पुढच्या वेळेसाठी जपून ठेवू नका. दर महिन्याला प्रतिबंध म्हणून थोडं थोडं अँटिबायोटिक देत राहणं ही जुनी पद्धत. त्यातून कशालाच दाद न देणारे जंतू तयार होतात. मला दोन जणांनी ती सुचवली होती, मी नाकारली.

आणखी एक सापळा: कुत्री छान आहे, काही लक्षण नाही, पण सहज केलेल्या कल्चरमध्ये जंतू उगवले. बहुतेक वेळा यावर औषध द्यायचं नसतं. वयस्कर, मधुमेही, अधू कुत्र्यांत असे मुके जंतू बऱ्याचदा सापडतात आणि त्यांना मारल्याने फायदा दिसलेला नाही. रिपोर्टवरचा लाल शेरा बघून हात शिवशिवतात, कळतं मला. तरी लक्षण नसेल तर आधी "औषध का द्यायचं?" हे डॉक्टरांना विचारा.

घरी काय चालतं, काय नाही

चालतं ते साधं आहे. मोठ्या कुत्र्याला जागेपणी सहा तासांहून जास्त धरून ठेवायला लावू नका. लघवीची धार हीच मूत्राशयाची झाडलोट. झोपायच्या आधीची शेवटची फेरी चुकवू नका. पाणी ताजं, दोन-तीन ठिकाणी. ओलं खाणं किंवा खाण्यात पाणी घातलं की आपोआप जास्त पाणी पोटात जातं. घडी असेल तर रोज कोमट पाण्याने ओल्या कापसाने हलकेच पुसा आणि मग कोरड्या कापसाने टिपून घ्या. पुसण्याइतकंच टिपणं महत्त्वाचं. आजूबाजूचे लांब केस कापून टाका. अत्तरवाले वाइप्स, डेटॉलसारखी जंतुनाशकं तिथे नकोत, कातडी आणखी चिडते. डायपर वापरत असाल तर ओला झाला की लगेच बदला, रात्रभर तोच ठेवला तर आपणच ओल आणि ऊब पुरवतो.

क्रॅनबेरीबद्दल सगळे विचारतात. जंतू चिकटण्यापासून रोखते असं प्रयोगशाळेत दिसतं, प्रत्यक्ष कुत्र्यांत फायदा ठामपणे दिसलेला नाही, आणि चाललीच तर प्रामुख्याने ई. कोलायवर. ऑक्झलेटचे खडे होणाऱ्या कुत्र्याला नकोच. डी-मॅनोजचंही (ही एक प्रकारची साखर) पुरावा म्हणून तेवढंच. द्यायचं तर कुत्र्यांसाठी बनवलेलं द्या. माणसांच्या चघळायच्या गोळ्यांत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असू शकतं, ते कुत्र्यांना विष आहे, तासाभरात रक्तातली साखर कोसळते. व्हिनेगरने लघवी आम्ल करण्याचा खटाटोप सोडा, तितका फरक पडत नाही आणि ऑक्झलेटच्या कुत्र्यात आम्ल लघवी उलट नडते. जळजळ होतेय म्हणून आपल्या कपाटातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका. वेदनेसाठी कुत्र्यांची वेगळी औषधं आहेत, ती मागून घ्या.

आणि हे वाचता वाचता कुत्रा जोर करतोय, पण थेंबही येत नाहीये, पोट कडक लागतंय, असं असेल तर वही, डाव, मोजपात्र सगळं राहू द्या आणि निघा. नरात खडा मूत्रमार्गात अडकतो आणि प्रश्न तासांचा असतो. ताप, उलट्या, कंबरेला हात लावला की ओरडणं असेल तर जंतू किडनीपर्यंत चढले असण्याची शक्यता आहे, तेव्हाही त्याच दिवशी जायचं.

ठमीचं पुढे असं झालं. पाचव्या वेळचं कल्चर करून त्याप्रमाणे एकच औषध दिलं, गळण्याचं औषध सुरू केलं, घडी रोज पुसायला लागलो आणि सहा महिन्यांत तिचं वजन दोन किलोने उतरवलं. घडी काढायची शस्त्रक्रिया असते, ती आम्ही वजन उतरेपर्यंत लांबणीवर टाकली आणि मग गरज पडली नाही. चौदा महिने झाले. मधे एकदा इन्फेक्शन झालं, तेव्हा मी आठवडाभर गावाला होते आणि पुसायचं राहून गेलं होतं. वहीत तेही लिहिलंय.